आधी इंजिनाची उंची, मग पंखा: वेगवान बोटीचा प्रोपेलर निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांडव्याला ठेवलेली २१ फुटी डीप-व्ही, म्हणजे खोल व्ही आकाराच्या तळाची, बोट. ट्रान्समपाशी, म्हणजे मागच्या सपाट भिंतीपाशी, तळाचा कोन २४ अंश. मागे ३०० अश्वशक्तीचे एकच फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समबाहेर टांगलेले इंजिन, गिअर १.८५:१. पूर्ण थ्रॉटलला ५,२०० ते ६,००० आरपीएम ही कारखान्याने दिलेली मर्यादा. पंखा स्टेनलेसचा, तीन पात्यांचा, २३ पिच (एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे जायला हवा, तो आकडा). दोन माणसे आणि अर्धी टाकी घेऊन बोटीचे एकूण वजन साधारण १,६०० किलो, तेव्हा ५,४०० आरपीएम आणि जीपीएसवर ४६ नॉट. चौघे बसले की बोट प्लेनवर यायला, म्हणजे पाण्यावर उठून घसरत धावायला, वेळ लावते. जोरात वळवली की पंखा पाणी सोडतो आणि इंजिन एकदम ओरडते. गॅरेजचा सल्ला आहे, "२१ पिच लावा." लावावा का? आणि भावाच्या २६ फुटी स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा ड्राइव्ह मागे बाहेर) बोटीलाही हेच नियम लागू होतात का?

२१ पिच आत्ता घेऊ नका. गॅरेजवाल्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पिच कमी केली की आरपीएम वाढतील आणि चौघांना घेऊन बोट लवकर उठेल. पण ४६ नॉटचे फार तर ४६ च राहतील, कदाचित एखादा नॉट कमीही होईल. तुमच्या आकड्यांवरून दुखणे पिचमध्ये दिसत नाही. ते पाण्यात खाली लोंबणाऱ्या गिअरकेसमध्ये, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या इंजिनाच्या खालच्या भागात, दिसते आहे. कसे, ते हिशेबानेच पाहू.

इंजिनाच्या आरपीएमला गिअरच्या गुणोत्तराने भागा, की पंख्याचे फेरे मिळतात. त्याला पिचच्या इंचांनी गुणा आणि १,२१५ ने भागा. पाणी लोण्यासारखे घट्ट असते आणि पंखा त्यात स्क्रूसारखा पुढे गेला असता, तर जो वेग मिळाला असता तो हा, नॉटमध्ये. तुमच्या बाबतीत ५,४०० ÷ १.८५ = २,९१९. गुणिले २३, भागिले १,२१५, उत्तर ५५.३ नॉट. प्रत्यक्षात ४६. म्हणजे जवळजवळ १७ टक्के वेग वाटेत हरवला. यालाच स्लिप म्हणतात.

तुमच्यासारख्या हलक्या, वेगवान व्ही-तळाच्या बोटीला पूर्ण थ्रॉटलला ९ ते १३ टक्के स्लिप असावी. जड कौटुंबिक बोटीला १५ चालते. स्लिप शून्याच्या जवळ किंवा उणे आली, तर आनंद मानू नका. गिअरचे गुणोत्तर, पिच किंवा टॅकोमीटर यांपैकी एखादा आकडा चुकला आहे, नाहीतर ओहोटीने बोट ढकलली आहे.

स्लिप आणि आरपीएम ही जोडी एकत्र वाचायची असते, आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी होत नाही. आरपीएम कमी आणि स्लिप नेहमीची असेल, तर इंजिनाला पिच जड होते आहे किंवा इंजिन पूर्ण ताकद देत नाही: थ्रॉटल पूर्ण उघडत नसेल, फिल्टर तुंबला असेल. आरपीएम जास्त आणि स्लिपही जास्त असेल, तर पंखा पाणी धरत नाही. इंजिन फार वर आहे, पात्याची कडा गेली आहे किंवा हबचे, म्हणजे पंख्याच्या मधल्या बैठकीचे, रबर आत घसरते आहे. (हबची शंका असेल तर आतल्या स्लीव्हपासून पिंपापर्यंत, म्हणजे पाती जोडलेल्या मधल्या पोकळ नळ्यापर्यंत, पक्क्या मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि एकदा जोरात पळवून या. रेघ तुटलेली दिसली, की हब गेला.) तुमच्यासारखे आरपीएम कमी आणि स्लिप जास्त असेल, तर बोटीला पाण्यात काहीतरी ओढ लागते आहे. पंखा नीट ढकलतो आहे, पण त्याला जास्तीचे ओझे ओढावे लागते.

दुसरी एक पडताळणी करू. क्राउचचे जुने सूत्र अजूनही या कामाला उत्तम आहे. वजन पौंडांत घ्या, अश्वशक्तीने भागा, वर्गमूळ काढा, आणि वेगवान रनअबाउटसाठी, म्हणजे छोट्या उघड्या बोटीसाठी, १९० ला, फारच सुधारलेल्या बोटीसाठी २१० ला, त्या संख्येने भागा. वेग ताशी मैलांत मिळतो. १,६०० किलो म्हणजे ३,५२७ पौंड. भागिले ३०० म्हणजे ११.७६, वर्गमूळ ३.४३. १९० धरले तर ५५ मैल, म्हणजे ४८ नॉट. २०० धरले तर ५०.७ नॉट. म्हणजे साध्या जुळणीलाही या बोटीने ४८ द्यायला हवेत, आणि चांगल्या जुळणीला ५० ते ५१ हे रास्त लक्ष्य आहे. कोणी ६० नॉटचे स्वप्न दाखवले तर नम्रपणे नाही म्हणा. तेवढे वजन आणि तेवढ्या अश्वशक्तीत ते बसत नाही.

काहीही बदलण्याआधी मोजणी एकदा नीट करा, नाहीतर पुढचे सगळे अंदाजच राहतील. मुंबई बंदराच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा ओघ दोन-तीन नॉटचा असू शकतो. एकाच दिशेने पळवून काढलेल्या आकड्याचा उपयोग नाही. ओघ थांबलेला असताना, फेरीबोटींच्या मार्गापासून आणि जाळ्यांच्या बोयांपासून लांब, एकाच रेषेत जाऊन-येऊन दोन फेऱ्या करा आणि सरासरी घ्या. दर वेळी माणसे तीच, टाकी तेवढीच. २०० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १५० किलो भरते आणि या बोटीत त्याने दोन नॉटचा फरक सहज पडतो. तारीख आणि हवामानही लिहून ठेवा. इंजिनाची अश्वशक्ती २५ अंश तापमान आणि बऱ्यापैकी कोरडी हवा धरून ठरवलेली असते. मे महिन्यातल्या आपल्या दमट हवेत ती चांगलीच घटते. जानेवारीत ५,९०० फिरणारे इंजिन मे महिन्यात त्याच पंख्यावर ५,७०० ला अडकले, तर पंख्याला दोष देऊ नका.

तळही पाहून घ्या. ट्रेलरवर बोट घेऊन ट्रान्समपासून पुढच्या दीड मीटरवर लांब सरळ पट्टी लावा. पट्टी आणि तळ यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची पोकळी दिसली, म्हणजे तळ ट्रान्समकडे पुन्हा खाली वळलेला असेल, तर त्याला हुक म्हणतात. तो वेगात पिछाडी उचलून नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात दाबतो. चुकीच्या जागी रोलर असलेल्या ट्रेलरवर बोट वर्षानुवर्षे ठेवल्यानेही असे होते. तळाला शेवाळ किंवा बार्नकल असतील, तर आधी ते खरवडा. पावसाळ्यानंतर न घासलेल्या तळावर पंख्याची परीक्षा घेणे म्हणजे पैसा आणि पेट्रोल दोन्ही वाया.

आता उंची. पंख्याच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरे तर ती व्हेंटिलेशन रोखणारी प्लेट आहे, आणि हा फरक पुढे कामाला येतो. इंजिन असे ट्रिम करा, म्हणजे पुढे-मागे कलवा, की ही प्लेट तळाला समांतर होईल. मग कीलखाली, म्हणजे जुन्या गलबतांना जिला पठाण म्हणत त्या मधल्या कण्याखाली, पट्टी धरून ती मागे प्लेटपर्यंत न्या. प्लेट पट्टीच्या किती वर किंवा किती खाली आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजा. बोट बनवणारे सहसा प्लेट कीलच्या पातळीत किंवा थोडी खाली ठेवून देतात. ते सुरक्षित असते, नवशिक्याच्या हातात पंखा पाणी सोडत नाही. पण २४ अंशांच्या डीप-व्हीला ५० नॉटच्या आसपास प्लेट कीलच्या २५ ते ५० मिलिमीटर वर लागते. त्या वेगात गिअरकेसचा पाण्यातला प्रत्येक सेंटिमीटर ब्रेकसारखा काम करतो.

तुमची प्लेट कीलपेक्षा १० ते १५ मिलिमीटर खाली निघाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही. तुमचे आकडे तेच सांगतात.

आउटबोर्डच्या ब्रॅकेटवरची भोके साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, अंतरावर असतात. एका वेळी एकच भोक वर जा. असे इंजिन मॉडेलनुसार २३० ते २९० किलोचे असते. ते उचलण्याच्या कडीला साखळी-पुली लावूनच उचला, ट्रान्समला जॅक टेकवून नव्हे. आधी कंट्रोल केबल, इंधनाची नळी आणि स्टिअरिंगच्या नळ्या यांना ४०-५० मिलिमीटरचा ढिलेपणा आहे का, ते बघा. बोल्ट काढल्यावर ट्रान्समच्या भोकात पेचकसाचे टोक घालून बघा. ओला, काळपट लाकडाचा भुगा आला, तर काम तिथेच थांबवा. कुजलेल्या ट्रान्समवर उंचीचे प्रयोग करायचे नसतात. बोल्ट परत बसवताना प्रत्येक भोकात समुद्री सीलंट भरा, रिकाम्या राहणाऱ्या भोकातही. सीलंट असा घ्या जो पुढे काढता येईल. कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन लावला, तर पुढच्या वेळी इंजिन आणि ट्रान्सम वेगळे करताना जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, सोलून येतो.

जॅक-प्लेट, म्हणजे ट्रान्समवर बसवून इंजिन वर-खाली करणारी चौकट, असेल तर हे काम सोपे होते. पण ती इंजिनाला मागेही नेते, आणि ट्रान्सममागे पाणी वर उसळत असते. इंजिन जेवढे मागे, तेवढे ते वर घेता येते. दर १२ इंच मागे गेल्यावर साधारण एक इंच वर, हे सुरुवातीचे माप. मात्र तेवढेच वजन मागे सरकते आणि चौघांना घेऊन उठण्याची तक्रार वाढते. तुमच्या २१ फुटी बोटीला १० इंच सेटबॅकची, म्हणजे इंजिन तेवढे मागे नेणारी, प्लेट मी सुचवणार नाही. हवीच असेल तर पाच-सहा इंचांची पुरे.

इंजिन वर नेताना डोळा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबावर ठेवायचा. उंची बदलण्याआधी पूर्ण थ्रॉटलला दाब किती आहे ते लिहून ठेवा. प्रत्येक भोकानंतर पुन्हा पाहा, आणि ट्रिम बाहेर काढताना, म्हणजे पंखा ट्रान्समपासून दूर कलवताना, तर नक्कीच. काटा एकदम खाली आला किंवा थरथरू लागला, तर पाणी ओढणाऱ्या जाळ्या पृष्ठभागापाशी आल्या आहेत. एक भोक खाली या. मॅन्युअलमधल्या किमान दाबाशी तडजोड नाही. समोर दाब दिसत नसेल, तर डिस्प्लेवर तो आकडा आधी सुरू करून घ्या आणि मगच उंचीला हात लावा. खालून पाणी घेणाऱ्या अणकुचीदार नाकाच्या रेसिंग गिअरकेसची तुम्हाला गरज नाही. नेहमीच्या गिअरकेसवर पाणी फुटण्याचा धोका साधारण ६५ नॉटच्या पुढे सुरू होतो.

उंची वाढली की सुकाणू एका बाजूला ओढू लागेल. प्लेटखाली जो छोटा तिरका पंख असतो, त्याने ही ओढ सावरायची असते. बोट उजवीकडे सहज वळते आणि डावीकडे जड जाते, तर मागून पाहताना त्या पंखाची मागची कड उजवीकडे सरकवा, आणि उलट असेल तर डावीकडे. पण इंजिन पुरेसे वर गेले, की हा पंख पाण्याबाहेर येतो आणि त्याचा उपयोग संपतो. तेव्हा उरलेली ओढ हायड्रॉलिक स्टिअरिंगनेच पेलायची. स्टिअरिंगच्या तेलात हवा असेल तर ती आधी काढा. चाकाला दोन बोटे मोकळीक असलेली बोट ५० नॉटला डाव्या-उजव्या कुशीवर डुलू लागते. त्याला चाइन-वॉक म्हणतात, आणि ते सुरू झाल्यावर नवशिका चाक फिरवून डोलणे आणखी वाढवतो. आणि तो पंख अनेकदा झिंकचा ॲनोडही असतो. तो काढलात, तर त्या जागी सपाट ॲनोड लावाच. आपल्या खाऱ्या पाण्यात गिअरकेसचे ॲल्युमिनियम एका हंगामात खड्डे पडून खराब होते.

दोन भोके वर गेल्यावर तुमच्या बोटीकडून मी त्याच २३ पिचवर ५,६०० च्या आसपास आरपीएम आणि दोन-तीन नॉट वाढीची अपेक्षा ठेवेन. आता पिचचा विचार करायचा, आधी नाही. उंची बदलली की लागणारी पिचही बदलते, म्हणून आधी घेतलेला पंखा पुन्हा विकावा लागतो.

पिचचे ठोकताळे असे: एक इंच पिच कमी केली की १५० ते २०० आरपीएम वाढतात. पात्याच्या मागच्या कडेला जी ओठासारखी वळलेली कड असते, तो कप. चांगला कप असलेला पंखा त्याच पिचच्या सपाट पंख्यापेक्षा अर्धा ते एक इंच जड वागतो. तीनऐवजी चार पाती घेतली, तर आरपीएम तेच ठेवायला पिच एक इंचाने कमी घ्यावी लागते. आणि पंख्यावर कोरलेली पिच हे फक्त नाव आहे. दोन कंपन्यांचे २३ सारखे वागत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन घराण्यांतलेही, म्हणजे दोन मालिकांतलेही, वागत नाहीत.

लक्ष्य काय ठेवायचे? दोन माणसे, अर्धी टाकी, थंड सकाळ, पूर्ण ट्रिम: ५,९०० च्या आसपास. म्हणजे चौघे आणि भरलेली टाकी असताना मे महिन्यातही ५,६०० च्या वर राहाल. मर्यादेच्या खालच्या टोकाला इंजिन सतत राबवणे वाईटच. थ्रॉटल पूर्ण आणि फेरे कमी, म्हणजे चढावर चौथ्या गिअरमध्ये ट्रक ओढण्यासारखे. उष्णता आणि नॉकिंगचा ताण पिस्टनवर येतो. उलट ६,००० च्या पुढे जाऊन रेव्ह-लिमिटरवर, म्हणजे फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, आपटत राहणेही नको. हलकी बोट असताना अधूनमधून लिमिटर लागतो आहे, एवढीच खूण पिच एका इंचाने वाढवायला पुरेशी आहे.

आता तीन पाती की चार, हा खरा निर्णय आहे, आणि तो बोट कशी वापरता त्यावर ठरतो.

तीन पात्यांच्या मोठ्या, जास्त रेक असलेल्या पंख्याने नाळ चांगली उचलली जाते. रेक म्हणजे पाते मागे किती झुकले आहे तो कोन. साध्या पंख्याला १५ अंशांच्या आसपास असतो, वेगवान पंख्यात २० आणि त्याच्याही पुढे. नाळ उचलली की ओला तळ कमी होतो आणि सपाट पाण्यावर वरचा वेग मिळतो. मर्क्युरीचे मिराज प्लस आणि एनर्शिया या जातीचे. नुसता वरचा आकडा हवा असेल, बोटीत बहुतेक वेळा दोघेच असतील, तर तीन पाती ठेवा आणि त्याच घराण्यात २२ शोधा. अनेक घराण्यांत पिच दोन-दोन इंचांनी येते, तेव्हा २२ मिळत नाही. मग २३ चा कप थोडा कमी करून घेता येतो, पण ते काम पिच मोजण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

पण तुमची तक्रार वाचली तर वरच्या वेगाइतकाच त्रास चौघांना उठवताना आणि वळताना होतो आहे. मांडवा ते गेटवे या पट्ट्यात दुपारी वारा सुटला की आखूड, उभी लाट उठते. तिथे चार पाती जिंकतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पात्यांचे एकूण क्षेत्र जास्त, म्हणून पाणी धरून ठेवतात. इंजिन वर असतानाही वळणात सुटत नाहीत. पिछाडीला आधार देतात, त्यामुळे कमी वेगातही बोट प्लेनवर टिकते, म्हणजे लाट वाढली की २० नॉटवर शांतपणे घरी येता येते. याची किंमत म्हणजे वरचा एखादा नॉट. ब्राव्हो वनच्या घराण्यातला चार पात्यांचा २२ आणि २१ असे दोन्ही उसने मिळाले तर घ्या. इंजिनाची आधीची दोन भोके तशीच ठेवून दोन्ही पळवा. मला वाटते चौघांच्या वापराला २१ बसेल. पाच पात्यांचे मॅक्सिमससारखे पंखे जुळ्या इंजिनांच्या, जड, मोठ्या बोटींना शोभतात. एका आउटबोर्डच्या २१ फुटीला त्यांचा वजनदार फिरता भार फुकट जातो.

ॲल्युमिनियमचा पंखा सुटा म्हणून बोटीत ठेवायला चांगला. रोज लावायला नाही. ३०० अश्वशक्तीखाली त्याची पाती वाकतात आणि पिच वेगानुसार बदलत राहते. मग तुमचा स्लिपचा सगळा हिशेब कोसळतो.

वळताना पंखा सुटण्याबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण इंजिन खाली असूनही तो सुटतो आहे, आणि ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. इथे व्हेंटिलेशन आणि कॅव्हिटेशन यांतला फरक लागतो. व्हेंटिलेशनमध्ये पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्टचा वायू पात्यांवर येतो. इंजिन एकदम ओरडते, वेग पडतो. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवरचा दाब इतका कमी होतो, की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळते, आणि ते बुडबुडे फुटताना धातूला टोचे मारल्यासारखे खड्डे पडतात. त्यात इंजिन असे ओरडत नाही, खूण पात्यावर दिसते. तुमचे व्हेंटिलेशन आहे. आधी ट्रिम तपासा. सरळ जाताना बाहेर काढलेली ट्रिम तशीच ठेवून वळलात, तर कोणताही पंखा सुटेल. वळणाआधी ट्रिम आत घ्या. मग ट्रान्समवर, पंख्याच्या सरळ पुढे, खोली मोजणाऱ्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर किंवा एखादा पाइप तर नाही ना, ते बघा. त्यामागून फेसाची शेपटी थेट पंख्यात शिरते. निदान ३०-४० सेंटिमीटर बाजूला हलवा. मग पात्यांची कडा. आधी कधी जाळ्यात किंवा खडकात पंखा अडकून तो ठोकून-वेल्ड करून घेतला असेल, तर कप घासून गेलेला असतो. नवा दिसतो, चकाकतो, पण पाणी धरत नाही. तीनही पात्यांच्या मागच्या कडेवरून बोट फिरवा. ओठ सारखा लागला पाहिजे. शेवटी पिंपाचे मागचे टोक. तिथली बाहेर उमललेली कड तुटली असेल, तर एक्झॉस्टचा वायू परत पात्यांवर ओढला जातो.

पिंपावर पात्यांच्या मुळाशी असलेली छोटी भोके मात्र मुद्दाम असतात. उठताना त्यांतून एक्झॉस्ट बाहेर येऊन पाते थोडे घसरू देतो, इंजिन ताकदीच्या फेऱ्यांत लवकर पोचते, आणि प्लेनवर आल्यावर पाण्याचा ओघच ती भोके झाकतो. वेगवेगळ्या भोकांची बुचे मिळतात. लहानापासून सुरू करा. थ्रॉटल दिल्यावर फेरे उडतात पण बोट हलत नाही असे झाले, तर भोक मोठे झाले आहे.

ट्रिमची सवय वेगळी शिकावी लागते. पूर्ण आत घेऊन उठायचे. प्लेनवर आल्यावर थोडी थोडी बाहेर काढायची, आणि प्रत्येक वेळी जीपीएस बघायचे. वेग वाढायचा थांबला आणि आरपीएम मात्र चढत राहिले, म्हणजे पुढे गेलात. तिथून जरा परत. नाळ लयीत वर-खाली आपटू लागली, तर तेच लक्षण. २०१७ च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-वन पॉवरबोट शर्यतीत सगळ्यांकडे एकाच बनावटीच्या २८ फुटी बोटी आणि २५० अश्वशक्तीचे एकेक आउटबोर्ड होते. अशा शर्यतीत ट्रिम आणि थ्रॉटलवरचा हातच निकाल ठरवतो. या सगळ्या चाचण्यांत किल-स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली हवी आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट. नव्या उंचीवरची बोट पहिल्या वळणात कशी वागेल, हे कोणालाच ठाऊक नसते. पहिली वळणे ३० नॉटच्या आत घ्या.

पंखा बसवण्यात घाई नको. दांड्यावर आधी पितळी थ्रस्ट-हब. तो विसरला, तर पंखा पुढे सरकून गिअरकेस घासतो, आणि हे पहिल्याच फेरीत होते. दांड्याच्या खाचांना समुद्री ग्रीस भरपूर लावा, नाहीतर मिठाने पंखा असा बसतो की पुढच्या वर्षी कापून काढावा लागतो. चावी काढून, न्यूट्रलमध्ये, पाते आणि प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून टॉर्क-रेंचने नट आवळा. मोठ्या मर्क्युरी आउटबोर्डला हा आकडा ७५ न्यूटन-मीटर आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असेल, तर तोच पाळा. वॉशरच्या जिभा वाकवा. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा बघा. दर महिन्याला पंखा उतरवून दांड्याभोवती मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे का, ते पाहा. आपल्या खाड्यांत ती भरपूर असते. ती सील कापते, आणि गिअरच्या तेलात पाणी शिरले हे तेल दुधासारखे पांढरट होईपर्यंत कळत नाही.

भावाच्या २६ फुटी स्टर्नड्राइव्हला स्लिपचा हिशेब तसाच लागतो, फक्त गिअरचे गुणोत्तर ड्राइव्हवरच्या पट्टीवरून खात्रीने वाचा. १.५० आणि १.६५ यांत घोटाळा झाला, तर स्लिप सुमारे दहा टक्क्यांनी चुकते. मोठा फरक उंचीत आहे. तिथे ड्राइव्हची जागा ट्रान्सममध्ये कापलेल्या भोकाने आणि इंजिनाच्या बैठकीने ठरलेली असते. क्रँकशाफ्टच्या मध्यापासून कीलच्या तळापर्यंतचे जे अंतर, त्याला एक्स-माप म्हणतात, आणि ते बदलणे म्हणजे फायबरचे काम. म्हणून आधी मोजा: ड्राइव्ह तळाला समांतर असताना पंख्याच्या दांड्याचा मध्य कीलच्या किती खाली येतो? बहुतेक कौटुंबिक बोटींत तो सहा इंचांच्या आसपास खाली असतो. वेगवान जुळणीत चार इंचांपर्यंत वर घेतात. तेवढ्यासाठी एक किंवा दोन इंच आखूड असा खालचा भाग मिळतो. पण तो घालण्याआधी पंखा आणि ट्रिम यांवर सगळे प्रयोग संपवा, कारण तो महाग आहे आणि बंदरात बोट हळू चालवताना त्याचा त्रास होतो.

दोन उलट फिरणारे पंखे असलेले ड्राइव्ह असेल, तर पंखे जुळलेल्या जोडीतच बदला. एकाची पिच बदलून चालत नाही. आणि दोन इंजिने असतील, तर पंख्यांच्या वरच्या बाजू बाहेरच्या दिशेने फिरतील अशीच जुळणी ठेवा. आत फिरवण्याचे प्रयोग कॅटामरान आणि शर्यतीच्या बोटींना सोडून द्या.

स्टर्नड्राइव्ह मरतो तो बहुधा लाटेवर. बोट उडते, पंखा हवेत येतो, फेरे चढतात, आणि थ्रॉटल तसाच ठेवला तर पंखा पाण्यात आपटताना सगळा झटका वरच्या गिअरवर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर येतो. बोट पाणी सोडण्याआधी थ्रॉटल कमी करा. टेकल्यावर पुन्हा द्या. लांब पळवणार असाल, तर ड्राइव्हच्या वरच्या भागावर पाण्याचा फवारा सोडणारी नळी बसवा, गिअरचे तेल थंड राहते. ते तेल दर १०० तासांनी बदला, आणि तळाच्या बुचावरचे चुंबक प्रत्येक वेळी बघा. करडा, मऊ चिखल असेल तर नेहमीची झीज. बोटाला टोचणारे चकचकीत कण असतील, तर बोट पाण्यात टाकू नका, ड्राइव्ह उघडा.